झुरळांचं जेल लावलं, तरी झुरळं आहेतच! कुणाचा अनुभव?

सोनटक्का | ३ जून, रात्री ११.४२

डोंबिवलीत राहते. इमारत १९९८ सालची, तळमजला अधिक तीन, एकूण १६ फ्लॅट. आमचा दुसऱ्या मजल्यावर.

झुरळं म्हणजे गटारातली ती मोठी, तपकिरी, अंगावर उडणारी नव्हेत. ही बारकी. ट्रॉली ओढली की चॅनेलमागून सुर्रकन जातात. फ्रीजच्या दाराच्या रबरात आहेत, मिक्सरच्या बुडात आहेत, भिंतीवरच्या घड्याळातही आहेत. परवा रात्री अडीचला लेकीचं दूध गरम करायला उठले, तर मायक्रोवेव्हच्या घड्याळात आकड्यांच्या मागून एक निवांत चालत गेलं. काचेच्या आतून! मी दूध तसंच गार दिलं.

सोसायटीचा पेस्ट कंट्रोलवाला दर तीन महिन्यांनी येतो, मोरीत आणि ओट्याखाली पंप मारतो, सही घेतो, जातो. दोन दिवस बरं, मग परत तेच. म्हणून स्वतःच जेलची सिरिंज आणली आणि ओट्याच्या कडेने नि सिंकखाली छान जाड रेघ ओढली, टूथपेस्टसारखी. तीन आठवडे झाले. काही मेली, पण संपत नाहीत. तळमजल्यावर एक काकू डबे करून देतात, सगळ्यांचं म्हणणं सगळी तिथूनच चढतात. जेलमध्येच दम नाही की माझं काही चुकतंय?

पावशेर | ४ जून, सकाळी ७.१५

आम्हाला कुणीतरी काकडीच्या साली ठेवायला सांगितल्या होत्या. झुरळं आली, काकडी खाल्ली, गेली. आता रोज वाट बघतात.

आजोळ | ४ जून, सकाळी ९.०३

आमच्या आईचा उपाय: बोरिक पावडर (तीच, कॅरमवर टाकतात ती), तेवढीच कणिक, चमचाभर साखर, दुधात मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या. फ्रीजखाली, कपाटामागे टाकायच्या. चाळीत आमचं अख्खं बालपण त्या गोळ्यांवर निघालं. म्हणजे झुरळांचं.

पंपवाला | ४ जून, दुपारी ३.२०

सोनटक्काताई, अकरा वर्षं हाच धंदा केला, आता सोडला. म्हणून मोकळेपणाने लिहितो.

पहिली चूक ती जाड रेघ. जेल हे विष मिसळलेलं जेवण आहे, ओढायचा खडू नव्हे. झुरळ चालता चालता त्यावरून गेलं म्हणून मरत नाही, त्याने ते खायला हवं. आणि बारकं झुरळ जेवायला लांब जात नाही, राहत्या फटीच्या आसपासच चरतं. म्हणून मसुराच्या दाण्याएवढे ठिपके, भरपूर ठिकाणी, आणि तेही झुरळं राहतात तिथेच. ओट्याच्या कडेला उजेडात, रोज फडकं फिरतं तिथे ती राहत नाहीत. तुमची अर्धी रेघ पहिल्याच दिवशी पुसली गेली असणार.

राहतात कुठे ते असं शोधा. रात्री स्वयंपाकघराचा दिवा तासभर बंद ठेवा, मग टॉर्च घेऊन आत जा आणि पळणाऱ्यांकडे न बघता ती कुठे शिरतात ते बघा. दिवसा काळ्या खुणा शोधा. मिरपूड सांडल्यासारखे बारीक काळे कण दिसले की समजायचं, अड्डा इथे. बिजागरीच्या खोबणी, ट्रॉलीच्या चॅनेलची मागची टोकं, सिंक आणि कडप्प्याच्या सांध्याची खालची बाजू, पाइप भिंतीत शिरतो ते भोक, फ्रीजच्या मागे कॉम्प्रेसरच्या बाजूला, लॉफ्टचा कोपरा. फ्रीजमागे ती का जमतात? ऊब आणि ओल, दोन्ही तिथे फुकट. फक्त गरम भागावर थेट ठिपका लावू नका, लगेच वाळतो. वाळून कडक झालेलं जेल त्यांनाही नको असतं.

आता खरा प्रश्न. घरात कुणी स्प्रे मारतं का? खडूच्या रेघा आहेत का? पेस्ट कंट्रोलवाल्याने शेवटचा पंप कधी मारला? स्प्रे आणि जेल एका जागी नांदत नाहीत. स्प्रेच्या वासाने झुरळ त्या जागेपासून लांब पळतं आणि जेलवर स्प्रे उडाला की तोंडही लावत नाही. ताट वाढून त्यावर रॉकेल ओतल्यासारखं आहे ते.

आणि हो, "हर्बल ट्रीटमेंट, वास नाही, भांडी काढायची गरज नाही" म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा हेच जेल असतं. त्यात तुळस-बिळस काही नसते. सिरिंजवर घटक वाचा. इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के, फिप्रोनिल ०.०५ टक्के किंवा इंडोक्साकार्ब ०.६ टक्के, असं काहीतरी लिहिलेलं असेल.

सोनटक्का | ४ जून, रात्री १०.५५

बाप रे. विचारते.

सोनटक्का | ४ जून, रात्री ११.२०

विचारलं. सासूबाई रोज रात्री झोपण्यापूर्वी सिंकखाली दोन फवारे मारतात. "तू ते पांढरं काहीतरी लावलंयस ना, त्याच्यावर जास्त मारते, तिथेच येतात मेली."

पावशेर | ४ जून, रात्री ११.२४

😂😂 सासूबाई जिंदाबाद.

कीटकवाली | ५ जून, सकाळी ११.१०

पंपवाला यांच्याशी पूर्ण सहमत. एमएस्सी कीटकशास्त्रात केलं असल्याने मागचं कारण सांगते, म्हणजे सासूबाईंना पटवायला सोपं जाईल.

हे बारकं झुरळ म्हणजे ब्लाटेला जर्मेनिका, जर्मन झुरळ. जेमतेम दीड सेंटिमीटर, डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा. पंख असतात पण उडत नाही. मादी अंड्यांची डबी पोटाच्या टोकाला लावून हिंडते, एका डबीत साधारण ३० ते ४० पिल्लं, आणि पिल्लं बाहेर यायच्या बेतात असतानाच ती डबी टाकते. तोवर ती आडोशाला बसून राहते, खातेही कमी. म्हणून एकदा जेल लावून काम संपत नाही. आज खाणारी मरतील, डबीतली तीन-चार आठवड्यांनी येतील, आणि तेव्हा ताजं जेल तिथे हवं.

जेलची गंमत अशी की विष मुद्दाम सावकाश काम करतं. झुरळ खातं, फटीत परततं, तिथे मरतं. लहान पिल्लं फारशी बाहेर पडतच नाहीत, मोठ्यांची विष्ठा खाऊन वाढतात. त्या विष्ठेत विष असतं. मरताना झुरळ ओकतं, ते दुसरी चाटतात. मेलेलं झुरळही खातात. हायड्रामिथिलनॉन नावाच्या जुन्या घटकावर १९९१ सालीच हे दाखवलं गेलं होतं, नंतर फिप्रोनिल आणि इंडोक्साकार्बबाबतही दिसलं. एका ठिपक्याचं विष असं फटीच्या तळापर्यंत जातं. स्प्रे तिथे पोहोचतच नाही. समोरचं झुरळ उताणं पडलेलं बघून आपल्याला समाधान मिळतं, एवढंच.

किळसवाणं आहे, माहीत आहे. जेवताना वाचणाऱ्यांची माफी.

आजोळ | ५ जून, सकाळी ११.४०

मी जेवतच होतो.

नाकेबंदी | ५ जून, दुपारी १२.०५

जर्मन का म्हणे? आमच्या पेण-पनवेलकडे कुठून आले जर्मन?

कीटकवाली | ५ जून, दुपारी १.३०

उलट आहे! सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७६७ मध्ये ते नाव दिलं, पण झुरळ जर्मनीचं नव्हेच. २०२४ मध्ये जगभरच्या झुरळांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार हे साधारण २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात, ब्लाटेला असाहिनाई या रानातल्या आशियाई झुरळापासून निपजलं आणि माणसाच्या घराला चिकटलं. मग सुमारे १२०० वर्षांपूर्वी व्यापारी मार्गांनी पश्चिमेला मध्यपूर्वेत गेलं, आणि पुढे साधारण ३९० वर्षांपूर्वी युरोपियन कंपन्यांच्या जहाजांच्या काळात पूर्वेकडे पसरलं. युरोपात ते त्या मानाने बरंच उशिरा पोचलं.

पावशेर | ५ जून, दुपारी १.३४

म्हणजे जीआय टॅग मिळू शकतो.

जर्सीकर | ५ जून, रात्री ८.५०

इथे न्यू जर्सीत आमच्या अपार्टमेंटमध्ये देशी बिऱ्हाडं भरपूर, झुरळंही भरपूर. लोक दुकानातून 'बॉम्ब' आणतात, म्हणजे धूर सोडणारा डबा: खोलीत लावायचा आणि घर बंद करून बाहेर जायचं. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने २०१९ मध्ये लोकांच्या राहत्या घरांत जाऊन हे बॉम्ब आणि जेल शेजारी-शेजारी तपासले. बॉम्ब लावलेल्या घरांत झुरळं होती तेवढीच राहिली, वर ओट्यावर, जमिनीवर औषधाचा थर. जेलच्या घरांत मात्र घटली.

माझा प्रश्न वेगळा आहे. घरात मांजर आहे, रांगतं पोर आहे. जेल कितपत सुरक्षित?

पंपवाला | ५ जून, रात्री १०.१५

पोराचा हात आणि मांजराची जीभ पोचते तिथे लावायचंच नाही, हा एकच नियम पाळला तरी बरंच झालं. बिजागरीच्या खोबणीत, चॅनेलच्या आत, फटीत. नाहीतर आमिषाचा बंद डबा मिळतो, त्यात भरा. ताटवाट्या ठेवतात त्या फळीवर, डब्यांच्या झाकणांवर, पोळपाटाजवळ अजिबात नाही. लावून झालं की हात साबणाने धुवा. रिकामी सिरिंज टाकायची घाई करू नका. कुणी चुकून खाल्लंच तर ती घेऊनच दवाखान्यात जा, डॉक्टरला घटक कळायला हवा.

आजोळकाका, तुमच्या गोळ्या काम करतात, नाही म्हणत नाही. पण सावकाश. आणि ती उघड्यावर पडलेली गोड गोळी, रांगतं पोर, घरातला उंदीर, हे समीकरण मला कधीच आवडलं नाही.

आजोळ | ६ जून, सकाळी ८.००

मान्य. आमच्या चाळीत उंदरांनीच जास्त खाल्ल्या.

सोनटक्का | ८ जून, रात्री ९.३०

अहवाल. रविवारी ट्रॉल्या बाहेर काढल्या. किती वर्षांनी काढल्या ते विचारू नका. मागे चॅनेलवर खरंच मिरपूड. साबणाच्या पाण्याने खडूच्या जुन्या रेघा, स्प्रेचा चिकटपणा सगळं पुसलं, दिवसभर वाळू दिलं, रात्री ठिपके लावले. ४६ मोजले. सासूबाईंना कीटकवालीताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. ओकण्याच्या वाक्याला त्या उठून गेल्या, पण स्प्रेचा डबा माझ्या ताब्यात दिला.

आज दुपारी दोनला ओट्यावर चार झुरळं झिंगल्यासारखी फिरत होती. भर दिवसा! जास्त झाली की काय?

पंपवाला | ८ जून, रात्री १०.०२

खाल्लंय त्यांनी. दोन-चार दिवस असं दिसणारच. मारू नका, चप्पल खाली ठेवा. फटीत जाऊन मरू देत.

अनुस्वार | ९ जून, दुपारी ४.४५

आमच्याकडे जेल पहिल्या वर्षी जादूसारखं चाललं. दुसऱ्या वर्षी तीच सिरिंज आणली तर झुरळं ठिपक्याला वळसा घालून जातात. डोळ्यांनी पाहिलंय. डुप्लिकेट माल येतो का हल्ली?

कीटकवाली | ९ जून, रात्री ९.१८

डुप्लिकेट असूही शकतो, पण वळसा घालणं ही झुरळांची खरी करामत आहे. अमेरिकेत १९८०च्या दशकात विष घातलेली आमिषं जोरात चालली आणि काही वर्षांतच काही ठिकाणची झुरळं ती टाळू लागली. ज्यूल्स सिल्व्हरमन या शास्त्रज्ञाने शोध घेतला तर भांडण विषाशी नव्हतंच. आमिषात गोडव्यासाठी घातलेलं ग्लुकोज ती टाळत होती. २०१३ मध्ये त्याचं कारण मिळालं. त्या झुरळांत ग्लुकोज लागलं की कडू चवीच्या चेतापेशी जाग्या होतात. आपण साखर ठेवतो, त्याला कारलं लागतं. आणि हा गुण आईबापांकडून पिल्लांत उतरतो. ग्लुकोज खाणारी मेली, टाळणारी उरली, पुढच्या वर्षी घर त्यांचंच.

विषाला दाद न देणं हा वेगळा प्रकार. २०१९ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी दाखवलं की एकाच पिढीत झुरळं ज्याची फवारणी झाली त्यालाच नव्हे, तर कधी न वापरलेल्या दुसऱ्या गटाच्या विषालाही पुरून उरू शकतात. म्हणून सिरिंज बदला. नुसतं कंपनीचं नाव बदलू नका, घटक बदला. इमिडाक्लोप्रिड होतं तर पुढच्या वेळी इंडोक्साकार्ब.

अनुस्वार | ९ जून, रात्री ९.४०

दोन वर्षं दोन वेगळ्या कंपन्यांचं इमिडाक्लोप्रिडच लावत होतो. आत्ता वाचलं.

नाकेबंदी | १० जून, सकाळी १०.१२

सोनटक्काताई, एकट्या घरात कितीही ठिपके लावा. जुन्या इमारतीत स्वयंपाकघरं एकाच डक्टला लागून असतात. पाइपांभोवतीची भोकं गवंड्याने कधी नीट बुजवलेली नसतात. तुमच्याकडची मेली की शेजारची येतात. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो, तेव्हा सगळ्या फ्लॅटना एकाच आठवड्यात जेल लावलं. त्यातही दोन घरं अडून बसली. "आमच्याकडे झुरळ नाही, आम्ही का पैसे द्यायचे?" त्यातल्या एका घरातून सेट-टॉप बॉक्स दुरुस्तीला गेला, तो दुकानदाराने पिशवीत बांधून परत पाठवला.

सोनटक्का | १० जून, दुपारी २.००

आमच्याकडे सगळे तळमजल्याच्या काकूंवर घसरलेत. कमिटी त्यांना नोटीस काढायच्या गोष्टी करतेय. मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

पंपवाला | १० जून, दुपारी ३.३५

नोटिशीआधी चिकट सापळे लावा. पुठ्ठ्याचे असतात, स्वस्तात मिळतात. प्रत्येक घरी तीन: सिंकखाली, फ्रीजमागे, गॅसच्या शेगडीजवळच्या कोपऱ्यात. त्यावर घर नंबर आणि तारीख घाला. चार रात्रींनी गोळा करा आणि सगळ्यांसमोर मोजा. धंद्याच्या स्वयंपाकघरात रोज रात्री धुलाई होते, भांडी उपडी होतात. मी पाहिलेले सगळ्यात भरलेले फ्लॅट अगदी साध्या, सभ्य घरांतले होते.

सोनटक्का | १९ जून, रात्री ११.०५

सापळे लागले. १४ घरं तयार झाली. एक घर बंद असतं आणि एका काकांनी दार उघडलं नाही. काल संध्याकाळी जिन्यात, सगळ्यांसमोर मोजणी झाली.

तळमजल्याच्या काकू: ६.
आम्ही: ७१. आणि हे जेल लावल्यानंतर.

आमच्या बरोबर वरचं घर ५८, खालचं ४४. डक्टची तीच रांग. काकू काहीच बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघून फक्त म्हणाल्या, "चहा घेणार का?" मला जिन्यातच बसावंसं वाटलं.

आजोळ | २० जून, सकाळी ७.५०

चहा घेतलात ना?

सोनटक्का | २० जून, सकाळी ८.२०

घेतला. जाताना मुलीसाठी दोन थालीपीठंही दिली.

कीटकवाली | २० जून, दुपारी १२.४०

७१ ला घाबरू नका, सुरुवातीचा आकडा आहे. आता रांगेतल्या तिन्ही घरांत एकाच वेळी जेल, डक्टच्या भोकांत सिमेंट, रात्री सिंक कोरडं. पाण्याविना ती अन्नाविना राहतात त्यापेक्षा खूप कमी तग धरतात. दोन आठवड्यांनी परत ठिपके तपासा, खाल्ले असतील तिथे नवे, वाळले असतील ते खरवडून नवे.

एक अजून: लेकीला शिंका, दमा असं काही असेल तर मेलेली झुरळं, विष्ठा, कात हे सगळं ओल्या फडक्याने काढून टाका. दमा वाढवणारी प्रथिनं त्यात असतात आणि झुरळ मेल्यावरही घरात राहतात.

जर्सीकर | २१ जून, रात्री ७.१५

दार न उघडणाऱ्या काकांचं काय झालं?

सोनटक्का | ६ ऑगस्ट, रात्री १०.३०

उशिरा लिहितेय, घरात आजारपणं चालू होती.

जनरल बॉडीत ठराव झाला. पंप बंद, सगळ्या घरांत जेल, खर्च मेंटेनन्समधून. पेस्ट कंट्रोलवाला आधी कुरकुरला, कारण एका घराला पंपाला दोन मिनिटं लागतात आणि जेलला पाऊण तास. त्याच्या पोराबरोबर मी स्वतः टॉर्च घेऊन घरोघर फिरले. पंपवालाकाका, तुमच्या जागा तोंडपाठ झाल्यात. दार न उघडणाऱ्या काकांनी काकूंच्या सांगण्यावरून उघडलं. ते एकटेच असतात, त्यांना घराची लाज वाटत होती. त्यांच्या फ्रीजमागे जे होतं ते इथे लिहीत नाही. डक्टची भोकं बुजवली. बंद घर अजून बंदच आहे, मालक फोन उचलत नाही.

परवा पुन्हा सापळे मोजले. आम्ही ५, वरचं घर ३, खालचं ०, काका १९ (त्यांच्याकडे सापळे पहिल्यांदाच लागले), काकू ०. पावसाळ्याची ती मोठी, उडणारी मात्र मोरीतून येतातच.

पंपवाला | ६ ऑगस्ट, रात्री ११.१०

मोठी गटारातली, त्यांचा बंदोबस्त चेंबरमध्ये आणि मोरीच्या जाळीवर. त्याला हे जेल वाया घालवू नका. काकांकडे दर दोन आठवड्यांनी जा. आणि बंद घराच्या दाराखालच्या फटीला पट्टी मारून घ्या.

पावशेर | ७ ऑगस्ट, सकाळी ७.३०

मायक्रोवेव्हवाल्याचं काय?

सोनटक्का | ७ ऑगस्ट, सकाळी ९.१५

मेलं. मिनिटांच्या शेवटच्या आकड्यावर, काचेच्या आत, आडवं अडकलंय. आमच्याकडे आता ८ आणि ० सारखेच दिसतात. दुरुस्तीवाला उघडायचे साडेतीनशे मागतोय. सासूबाई म्हणतात राहू दे, वेळ काय, मोबाइलमध्ये बघू.

पावशेर | ७ ऑगस्ट, सकाळी ९.१७

दूध गरम देता ना आता?

सोनटक्का | ७ ऑगस्ट, सकाळी ९.२०

गॅसवर.